कमिशनवर फ्रेट ब्रोकरचं काम: पहिल्या फोनपासून हातात पैसे पडेपर्यंत

सुरुवात एका लोडच्या हिशेबानं करते, कारण या धंद्यात येणाऱ्या बहुतेकांना तो फार उशिरा कळतो. डॅलसहून अटलांटाला ट्रकभर माल जायचा आहे. शिपर, म्हणजे ज्याचा माल आहे तो, २,००० डॉलर देणार आहे आणि तुम्ही ट्रकवाल्याशी १,७०० डॉलरला ठरवलंय. मधले ३०० डॉलर ही दलाली, पण ती जाते तुमच्या ब्रोकरेजच्या, म्हणजे दलाली कंपनीच्या, खात्यात. त्यात तुमचा वाटा ६० टक्के धरला तर तुमच्या नावावर १८० डॉलर. ट्रकवाला ३० दिवसांत पैसे मागणार, शिपर ४५ दिवसांनी देणार. तुमच्या करारात 'वसुलीनंतर कमिशन' असं लिहिलं असेल, तर आज दिवसभर फोनला चिकटून कमावलेले १८० डॉलर दीड-दोन महिन्यांनी दिसतील. शिपरनं पैसे बुडवले तर दिसणारच नाहीत. उलट काही करारांत ते नुकसानही तुमच्या पुढच्या कमिशनमधून कापून घेतात.

आकडे उदाहरणापुरते आहेत, पण पैसा याच वाटेनं फिरतो. अमेरिकेत मी नऊ वर्षं हे काम करते आहे, पहिली चार वर्षं पगारावर आणि नंतर कमिशन एजंट म्हणून. इथल्या मराठी मंडळींचे या कामाबद्दल फोन येतात. त्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगते, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी काम समजून घ्या

ब्रोकरकडे ट्रक नसतो, गोदाम नसतं आणि माल त्याच्या ताब्यात कधीच येत नाही. ज्याचा माल आहे तो शिपर, ज्याचा ट्रक आहे तो कॅरियर, आणि दोघांची गाठ घालून देऊन दोन भाड्यांमधल्या फरकावर जगणारा तो ब्रोकर. डिस्पॅचर वेगळा. तो कॅरियरच्या बाजूनं काम करतो आणि पैसेही कॅरियरकडूनच घेतो. नवी माणसं ही दोन कामं एकच समजतात आणि परवान्याच्या भानगडीत सापडतात. कॅरियरसाठी लोड शोधता शोधता तुम्ही शिपरशी भाडं ठरवायला लागलात आणि मधला फरक ठेवायला लागलात, की ती ब्रोकरी झाली. त्याला संघराज्याची नोंदणी लागते.

१९८० पर्यंत अमेरिकेत ट्रकची भाडी आणि मार्ग यांवर सरकारचं कडक नियंत्रण होतं. त्या वर्षीच्या मोटर कॅरियर कायद्यानं ते सैल केलं. हजारो लहान ट्रकवाले बाजारात आले आणि त्यांना मालवाल्यांशी जोडणाऱ्या माणसाची गरज वाढली. आजही इथले बहुसंख्य कॅरियर अगदी लहान आहेत: एक ट्रक, दोन ट्रक, नवरा गाडी चालवतो आणि बायको घरून कागद सांभाळते. तुमचं रोजचं बोलणं याच माणसांशी होणार आहे, हे डोक्यात ठेवून या.

कुठल्या दारानं आत शिरायचं

तीन वाटा आहेत.

पहिली, एखाद्या ब्रोकरेजमध्ये डब्ल्यू-२, म्हणजे पगारी, नोकरी. थोडा पायापगार आणि वर कमिशन, किंवा नुसता 'ड्रॉ'. ड्रॉ म्हणजे पुढच्या कमिशनची उचल. दर महिन्याला ३,००० डॉलर ड्रॉ असेल आणि कमिशन १,८०० झालं, तर १,२०० डॉलर तुमच्या डोक्यावर चढतात. हा ड्रॉ परत फेडायचा आहे की माफ होणारा आहे, हे पहिल्या मुलाखतीतच विचारा. विचारायला लाजू नका.

दुसरी, १०९९ एजंट (हे नाव कराच्या फॉर्मवरून). तुम्ही स्वतंत्र, पण एखाद्या परवानाधारक ब्रोकरेजच्या नोंदणीखाली काम करता. परवाना, बाँड (ट्रकवाल्यांचे पैसे बुडाले तर भरपाईची हमी), बिलं काढणं, कॅरियरला पैसे देणं आणि शिपरची पत तपासणं हे सगळं त्यांच्याकडे. गिऱ्हाईक आणणं आणि लोड हलवणं तुमच्याकडे. पगार नाही, आरोग्यविमा नाही. पण दलालीत वाटा मोठा, साधारण निम्म्यापासून पुढे.

तिसरी, स्वतःचा परवाना. वाहतूक खात्याखाली एफएमसीएसए नावाची संस्था आहे, तिच्याकडे अर्ज करायचा. फी ३०० डॉलर. त्याशिवाय ७५,००० डॉलरचा शुअरिटी बाँड किंवा तेवढ्याच रकमेचा ट्रस्ट लागतो. बाँडसाठी सगळी रक्कम भरावी लागत नाही, तुमची पत बघून ठरलेला हप्ता दर वर्षी भरायचा. ही रक्कम आधी १०,००० होती, ती २०१३ च्या ऑक्टोबरपासून वाढवली, कारण ट्रकवाल्यांचे पैसे बुडवून गायब होणारे ब्रोकर फार झाले होते. यात भर म्हणजे जिथे तुमचं ऑफिस आहे किंवा करार होतात अशा प्रत्येक राज्यात तुमच्या वतीनं कायदेशीर कागद स्वीकारणारा प्रतिनिधी नेमावा लागतो आणि यूसीआरची (युनिफाइड कॅरियर रजिस्ट्रेशन) वार्षिक नोंदणी करावी लागते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. निदान एक वर्ष पहिल्या दारानं जा. दुसऱ्याच्या पैशावर, शेजारच्या टेबलावरच्या जाणत्या माणसाचं बोलणं ऐकत चुका करा. पहिल्याच दिवशी स्वतःचा परवाना काढणाऱ्यांचा परवाना सहसा अडत नाही, खेळतं भांडवल अडतं. महिन्याला पन्नास लोड हलवले आणि शिपर ४५ दिवसांनी पैसे देत असेल, तर ट्रकवाल्यांना ३० दिवसांत देऊन वरच्या भावानं तुमचे चाळीस हजारांहून जास्त डॉलर सतत रस्त्यावर अडकलेले असतात.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक गोष्ट. एच-१बी वर असताना ज्यानं तुमचा अर्ज केला त्याच्याकडेच काम करता येतं. संध्याकाळी 'जोडधंदा' म्हणून एजंटगिरी केली तर व्हिसाच धोक्यात येतो. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) कामाची परवानगी मिळालेली असेल तर प्रश्न वेगळा. वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका.

करार: टक्क्याच्या आकड्यापलीकडे

एजंटच्या करारात सगळे टक्क्याकडे बघतात. ७० टक्के म्हटलं की माणूस खूश होतो. पण ७० टक्के कशाचे? शिपरचं भाडं वजा कॅरियरचं भाडं, या निव्वळ फरकाचे, की त्यातून आधी 'प्रोसेसिंग', लोड बोर्डचं (लोड आणि ट्रक शोधायच्या संकेतस्थळाचं) शुल्क, सॉफ्टवेअर, विमा असं कापून उरलेल्याचे? दोन ब्रोकरेजचे मासिक हिशेब शेजारी ठेवून मी बघितले आहेत, आणि ५५ टक्के देणारी ७० वालीपेक्षा जास्त देत होती.

मग विचारा की कमिशन बिल निघाल्यावर मिळतं की वसुली झाल्यावर. शिपर बुडाला तर तुमच्या वाट्याला किती येतं? त्यांनीच पत मंजूर केलेल्या गिऱ्हाइकाचं बुडीत खातं तुमच्या माथी मारणारा करार मी सही करणार नाही. ते कॅरियरला किती दिवसांत पैसे देतात? हे फार महत्त्वाचं आहे, कारण पैसे वेळेवर न देणाऱ्या ब्रोकरेजचं नाव ट्रकवाल्यांना पाठ असतं. तुम्ही कितीही गोड बोललात तरी ते नाव ऐकून फोन ठेवून देतात.

शेवटचा प्रश्न: तुम्ही सोडून गेलात तर गिऱ्हाईक कोणाचं? 'सोडल्यानंतर इतके महिने आमच्या गिऱ्हाइकांशी संपर्क नाही' असं कलम जवळपास प्रत्येक करारात असतं. तुम्ही आधीपासून आणलेली गिऱ्हाइकं त्यातून नावानिशी वगळून घ्या, तीही लेखी. तोंडी शब्द देणारा मॅनेजर दोन वर्षांनी तिथे असेलच असं नाही.

एकच लेन धरा

लेन म्हणजे ठरावीक दोन ठिकाणांमधला मार्ग. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. नवा ब्रोकर सांगतो, "मी काहीही, कुठेही हलवतो." शिपरच्या कानाला ते 'मला काहीच नीट येत नाही' असं ऐकू येतं.

आधी ट्रेलरचा प्रकार ठरवा. ५३ फुटी ड्राय व्हॅन म्हणजे बंद पेटी: कागद, डबाबंद माल, घरगुती सामान. रीफर म्हणजे थंड पेटी: फळं, भाजी, मांस, दूध, औषधं. फ्लॅटबेड म्हणजे उघडी पाटी: लोखंड, लाकूड, यंत्रं. प्रत्येकाची भाषा वेगळी. फ्लॅटबेडच्या ड्रायव्हरला ताडपत्री लागेल का हे विचारलं नाही, तर तो यार्डात पोचून भाडं वाढवून मागेल, आणि ते मागणं रास्तच असेल.

नंतर भूगोल. फ्लोरिडात माल जातो फार आणि तिथून बाहेर निघतो कमी. म्हणून अटलांटाहून मायामीला जाणारा ट्रकवाला परतीच्या रिकाम्या प्रवासाचे पैसे जातानाच वसूल करतो. वसंत ऋतूत फ्लोरिडाची भाजी-फळं निघायला लागली की चित्र उलटतं आणि तिथून बाहेर पडणाऱ्या रीफरचे भाव चढतात. हंगाम पुढे सरकतो तसा हा ताण जॉर्जिया, टेक्सास, कॅलिफोर्निया असा फिरतो. मे महिन्यात देशभर ट्रक-तपासणीचे ७२ तास असतात. ते टाळायला बरेच मालक त्या दिवसांत गाडीच काढत नाहीत, म्हणून ट्रक दुर्मिळ होतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यातही असंच होतं. एकाच लेनवर वर्षभर बसलात तर हे चढउतार तुम्हाला न बघता सांगता येतील. शिपर याच ज्ञानाचे पैसे देतो.

गिऱ्हाईक मिळवणं

फोन. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही. ईमेल उघडलं जात नाही, आणि पहिल्या वर्षी तुमची शिफारस करणारं कोणी नसतं.

यादी करताना मोठ्या प्रसिद्ध कंपन्यांच्या मागे लागू नका. त्यांचं वर्षाचं भाडं निविदा काढून ठरतं आणि नव्या माणसाला तिथे जागा नसते. रोज दोन ते दहा ट्रक पाठवणारे मधल्या आकाराचे कारखाने शोधा. किराणा दुकानात एखाद्या पाकिटामागे उत्पादकाचा पत्ता असतो, तोही उपयोगी पडतो. रिसेप्शनवर "शिपिंग कोण बघतं?" असं साधं विचारा. नाव मिळालं की पुढच्या वेळी त्याच नावानं फोन करा.

त्या माणसाला दिवसात असे वीस फोन येतात. "आमचे रेट उत्तम आहेत" हे वाक्य त्यानं सकाळपासून ऐकलेलं असतं. मी असं बोलते: "तुमचा माल टेनेसीतून टेक्सासला जातो असं दिसतं. मी रोज त्याच पट्ट्यात ट्रक भरते. शुक्रवारी दुपारी तुम्हाला ट्रक मिळायला त्रास होतो का?" शुक्रवारी दुपारी सगळ्यांनाच त्रास होतो. मग तो बोलायला लागतो.

बोलायला लागला की विचारून घ्या: माल काय, वजन किती, किती पॅलेट, लोडिंगची वेळ ठरलेली असते की आधी येईल त्याचा आधी नंबर, माल उतरवायला तिथे हमाल लावावे लागतात का आणि त्यांचे पैसे कोण देतं, एका लोडची किंमत साधारण किती. शेवटचा प्रश्न विम्यासाठी आहे. मालाचा विमा बहुधा १,००,००० डॉलरचा असतो आणि आत तीन लाखांचं इलेक्ट्रॉनिक सामान असेल, तर लोड घेण्याआधीच ते कळायला हवं. फोन ठेवल्यावर आणि पहिला लोड घेण्याआधी ब्रोकरेजकडून शिपरची पत तपासून घ्या. जो शिपर पहिल्याच दिवशी विनाघासाघीस वाट्टेल तो भाव कबूल करतो, त्याची पत दोनदा तपासा.

पहिला लोड तो तुम्हाला अडचणीचा देणार: बाकीच्यांनी नाकारलेला, आडगावचा, रविवारचा. घ्या. पण जमणार नसेल तर लगेच "हा मला जमणार नाही" असं सांगा. माझा सगळ्यात जुना शिपर मला अशाच एका नकारामुळे मिळाला. मी दहा मिनिटांत नाही म्हटलं म्हणून त्याला दुसरा ट्रक शोधायला वेळ मिळाला.

भाव काढणं

शिपरला आकडा सांगण्याआधी तीन ठिकाणी बघा. लोड बोर्डवर त्या लेनचा अलीकडचा सरासरी भाव दिसतो. डीएटी आणि ट्रकस्टॉप ही दोन मोठी नावं. डीएटीची सुरुवात १९७८ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या एका ट्रक स्टॉपवर झाली. तेव्हा लोड तिथल्या पडद्यावर झळकत. मग तुमच्या स्वतःच्या जुन्या नोंदी. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे त्या भागातल्या दोन-तीन ट्रकवाल्यांना थेट विचारणं: "उद्या सकाळी निघायचं, किती घ्याल?"

सरासरी म्हणजे कालचा भाव. तुम्हाला हवा आहे उद्याचा. पिकअपची वेळ पहाटे चारची आहे का? डिलिव्हरी अशा गावी आहे का, जिथून परतीचा माल नाही? वजन ४४,००० पौंड आहे का? भरलेल्या गाडीची एकूण मर्यादा ८०,००० पौंड असते, त्यामुळे जड ट्रॅक्टर असलेले कितीतरी जण एवढं वजन घेऊच शकत नाहीत. यातली प्रत्येक गोष्ट भावात येते.

मार्जिन किती ठेवायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ठरलेल्या लेनवर मी कमी ठेवते आणि अडचणीच्या लोडवर जास्त. काही लोडवर तोटाही होतो. शिपरला १,९०० सांगितले आणि बाजार रातोरात चढून ट्रक २,००० ला मिळाला, तर तो लोड तोट्यात हलवायचा. शब्द दिला होता. आपल्या चुकीचे पैसे दुसऱ्या दिवशी शिपरकडे मागणाऱ्या ब्रोकरला तो पुढचा लोड देत नाही.

ट्रक पारखणं

गेल्या काही वर्षांत या कामातला सगळ्यात मोठा धोका इथे आला आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

डबल ब्रोकरिंग म्हणजे तुम्ही ज्याला कॅरियर समजून लोड दिला, त्यानं तुम्हाला न सांगता तो दुसऱ्याच ट्रकवाल्याला देणं. माल पोचतो, तुम्ही पहिल्याला पैसे देता, तो गायब होतो आणि ज्या बिचाऱ्यानं खरंच गाडी चालवली तो तुमच्याकडे आणि शिपरकडे पैसे मागतो. याहून वाईट प्रकार म्हणजे चोर एखाद्या चांगल्या कॅरियरचं नाव आणि नोंदणी क्रमांक वापरून लोड घेतात आणि माल कधीच पोचत नाही.

माझी पद्धत अशी आहे. एफएमसीएसएच्या सेफर या संकेतस्थळावर डॉट क्रमांक (वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) टाकून बघते: परवाना चालू आहे का, किती जुना आहे, किती ट्रक दाखवले आहेत, तपासण्या झाल्या आहेत का. दहा ट्रक दाखवणाऱ्या कंपनीच्या गेल्या दोन वर्षांत शून्य तपासण्या असतील तर ते दहा ट्रक रस्त्यावर आहेत कुठे? विम्याचं प्रमाणपत्र कॅरियरकडून कधीच घेत नाही, थेट त्याच्या विमा एजंटकडून मागवते. सामान्य माल वाहणाऱ्या मोठ्या ट्रकसाठी कायद्यानं किमान ७,५०,००० डॉलरचा दायित्व विमा लागतो, पण बहुतेक ब्रोकरेज दहा लाखांचा मागतात. मालाच्या विम्याची मात्र सामान्य मालासाठी संघराज्याची सक्ती २०११ पासून उरलेली नाही, म्हणून तो आपणच तपासायचा. त्यात रीफर बंद पडल्याचं नुकसान धरलंय का, तेही.

आणि ज्या क्रमांकावरून फोन आला त्यावर परत फोन करत नाही. सरकारी नोंदीत जो फोन आहे त्यावर करते आणि विचारते, "तुमच्याकडच्या अमुक माणसानं आत्ता माझा लोड घेतला, बरोबर?" दोनदा असं झालंय की पलीकडून उत्तर आलं, "कोण? आमच्याकडे या नावाचं कोणीच नाही." तो एक फोन दोन मिनिटांचा असतो.

शेवटी ड्रायव्हरचं नाव, त्याचा मोबाइल, ट्रक आणि ट्रेलरचा क्रमांक. पिकअपच्या वेळी दारावर वेगळ्याच कंपनीचं नाव असलेला ट्रक उभा राहिला तर माल भरू नका, असं शिपरच्या गोदामाला आधीच सांगून ठेवते.

रेट कन्फर्मेशन: प्रत्येक शब्द लिहा

तोंडी सौदा झाला की रेट कन्फर्मेशन, म्हणजे ठरलेल्या भाड्याचा आणि अटींचा कागद, पाठवायचं आणि सही होऊन आल्याशिवाय पिकअप नंबर (माल उचलायला लागणारा क्रमांक) द्यायचा नाही. यात काय लिहायचं हे मी एका स्ट्रॉबेरीच्या लोडवर शिकले.

कॅलिफोर्नियातून निघालेला रीफर. मी लिहिलं होतं, 'तापमान ३४ अंश'. फॅरनहाइट, अर्थात. ड्रायव्हरनं यंत्र ३४ वर लावलं, पण 'स्टार्ट-स्टॉप' पद्धतीवर, म्हणजे डिझेल वाचवायला ते मधूनमधून बंद होतं आणि पुन्हा सुरू होतं. गोठवलेल्या मालाला ते चालतं. ताज्या फळाला हवा सतत फिरती लागते. माल पोचला तेव्हा घेणाऱ्या माणसानं एका डब्यातल्या फळात तापमापी खुपसली. ४३ दाखवलं. पूर्ण ट्रक नाकारला. ड्रायव्हर म्हणाला, "कागदावर ३४ लिहिलंय, मी ३४ च लावलं." त्याचं बरोबर होतं. 'सतत चालू ठेवा' हे तीन शब्द मी लिहिले नव्हते. दाव्याचा निकाल लागायला पाच महिने गेले, शिपर गेला आणि त्या तिमाहीतलं माझं कमिशन जवळपास सगळं त्यात बुडालं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक रीफर लोडवर हे असतं: तापमान, सतत की स्टार्ट-स्टॉप, भरण्याआधी ट्रेलर किती अंशांपर्यंत थंड करायचा, भरताना फळाचं तापमान मोजून बिल ऑफ लेडिंगवर (मालासोबत जाणाऱ्या पावतीवर) लिहायचं. सगळ्याच लोडवर पिकअप आणि डिलिव्हरीची वेळ, दोन्ही पत्ते, वजन, एकूण भाडं, थांबवून ठेवल्यास भरपाई कधीपासून आणि ताशी किती (रिवाजानं पहिले दोन तास फुकट), ट्रक पोचल्यावर लोड रद्द झाला तर किती, आणि हा लोड दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, हे ठळक अक्षरांत.

गाडी रस्त्यावर असताना

ड्रायव्हरच्या तासांचे नियम पाठ करा, कारण तुमचे सगळे वायदे त्यांवर उभे आहेत. सलग १० तास विश्रांती झाली की १४ तासांची खिडकी उघडते आणि त्यात जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. ८ तास चालवल्यावर ३० मिनिटांची सुट्टी. २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक ट्रकमध्ये हे तास इलेक्ट्रॉनिक यंत्र मोजतं.

पुन्हा डॅलस ते अटलांटा घ्या, साधारण ७८० मैल. ड्रायव्हरचा दिवस सोमवारी सकाळी ७ ला सुरू झाला आणि माल भरून दुपारी ४ ला निघाला. रात्री ९ ला त्याची खिडकी बंद. पाच तासांत अडीचशे मैल. मंगळवारी सकाळी ७ ला पुन्हा सुरुवात, उरलेले ५३० मैल, मधली सुट्टी, वाटेत घड्याळ एक तास पुढे. पोचायला संध्याकाळचे सात-साडेसात. आता तुमच्याच ऑफिसातलं कोणी शिपरला "मंगळवारी सकाळी आठला पोचेल" असं सांगत असेल तर ते खोटं आहे, आणि ते खरं करायला ड्रायव्हरवर दबाव आणणं बेकायदा आहे. हे गणित लोड घेण्याआधी कागदावर करायचं.

उशीर होणार असं कळलं की पहिला फोन शिपरला. ड्रायव्हरशी वाद घालण्याआधी, स्वतःची चूक शोधण्याआधी. टायर फुटला असं दुपारी दोनला कळलं तर दोन वाजून पाच मिनिटांनी शिपरला सांगितलेलं असावं, सोबत नवी वेळ आणि घेणाऱ्याकडे नवी अपॉइंटमेंट मिळते का याचं उत्तर. उशीर सगळ्यांच्याच गाड्यांना होतो. शिपरला राग येतो तो घेणाऱ्याकडून कळल्याचा.

दुसऱ्या बाजूचंही तेवढंच सांभाळा. ड्रायव्हर गोदामात सहा तास अडकला तर त्याची भरपाई शिपरकडून मागून देणं हे तुमचं काम आहे. त्यासाठी आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ बिल ऑफ लेडिंगवर लिहून घ्यायला त्याला आधीच सांगा. मी ते पैसे भांडून मिळवून देते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी माझा फोन उचलला जातो.

कागद, दावे, नोंदी

डिलिव्हरीची सही असलेला कागद त्याच दिवशी मागवा, त्याशिवाय बिल निघत नाही. बऱ्याच कॅरियरनी आपली बिलं फॅक्टरिंग कंपनीला (बिलं विकत घेऊन लगेच पैसे देणाऱ्या कंपनीला) विकलेली असतात. तशी सूचना ब्रोकरेजकडे आली असेल तर पैसे फॅक्टरिंगलाच जायला हवेत. चुकून कॅरियरला दिले तर दुसऱ्यांदा द्यावे लागतात.

माल खराब झाला किंवा कमी भरला तर १९०६ च्या कारमॅक कायदादुरुस्तीनुसार जबाबदारी मूलतः कॅरियरची. ब्रोकर मधला दुवा आहे, पण गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर दाव्याचा पाठपुरावा करत राहणं तुमच्याच गळ्यात पडतं. फोटो, तापमानाची नोंद, कागदावरचा शेरा पहिल्याच दिवशी गोळा करा.

प्रत्येक व्यवहाराची नोंद ब्रोकरला ३ वर्षं ठेवावी लागते, आणि शिपरनं किती दिले व दलाली किती राहिली यासह ती नोंद बघायचा हक्क त्या व्यवहारातल्या कॅरियरलाही नियमानं आहे. बरीच ब्रोकरेज करारात हा हक्क सोडायला लावतात. तरी मी मार्जिन असं ठेवते की ट्रकवाल्यानं आकडा पाहिला तरी त्याच्याशी बोलताना माझी मान खाली जाऊ नये.

पहिल्या वर्षाचा पैसा

एजंट म्हणून सुरू करत असाल तर निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. पहिला महिना नुसते फोन. दुसऱ्या महिन्यात थोडे लोड. त्यांची वसुली तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. माझ्या ओळखीतले जे सोडून गेले, त्यांच्यातले बरेचसे याच टप्प्यावर गेले, काम जमायला लागलं होतं तेव्हा.

१०९९ वर कर कोणी कापत नाही. प्राप्तिकराशिवाय सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचे मिळून १५.३ टक्के तुमचे तुम्हालाच भरायचे, आणि अंदाजे कर वर्षातून चार वेळा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. कमिशन आलं की त्याच दिवशी त्यातला तीस टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. पहिल्या वर्षी मी तो टाकला नव्हता आणि एप्रिलमध्ये बहिणीकडून उसने घेतले होते. ते फेडायला मला ऑगस्ट उजाडला.